'क' जीवनसत्त्व, कर्करोग आणि श्वान : एका संज्ञेच्या अर्थविस्ताराचा इतिहास

१

'जीवनसत्त्व' या संज्ञेची शास्त्रीय व्याख्या काटेकोर आहे. जे सेंद्रिय द्रव्य एखाद्या प्राण्याच्या शरीरास अल्प प्रमाणात का होईना पण अत्यावश्यक असते, आणि जे ते शरीर स्वतः पुरेसे निर्माण करू शकत नसल्यामुळे आहारातून मिळवावे लागते, ते त्या प्राण्याचे जीवनसत्त्व होय. या व्याख्येतील 'त्या प्राण्याचे' हे षष्ठ्यंत पद गौण नाही. किंबहुना सारी व्याख्या त्याच पदावर उभी आहे. एकच द्रव्य एका प्राण्याचे जीवनसत्त्व असू शकते आणि दुसऱ्याचे नसू शकते. ॲस्कॉर्बिक आम्ल मनुष्याचे जीवनसत्त्व आहे, कुत्र्याचे नाही. कुत्र्याचे यकृत ते ग्लुकोजपासून स्वतः तयार करते.

असे असूनही कर्करोगाने ग्रस्त झालेल्या कुत्र्यांस 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याची चिकित्सा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आली, आणि प्रस्थापित पशुवैद्यकाच्या सीमेवर ती आजही टिकून आहे. ज्या प्राण्यास हे जीवनसत्त्वच नाही, त्याच्या रोगावर ते जीवनसत्त्व म्हणून कसे दिले जाऊ लागले? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकाच्या इतिहासात सापडत नाही. त्यासाठी शब्दाच्या इतिहासाकडेही वळावे लागते. कारण या प्रकरणात द्रव्यापेक्षा द्रव्याच्या नावाने अधिक प्रवास केला आहे.

२

स्कर्व्ही हा दीर्घ सागरप्रवास करणाऱ्या खलाशांचा रोग म्हणून युरोपास परिचित होता. जेम्स लिंड या नौदलातील शस्त्रवैद्याने १७४७ साली 'सॅलिस्बरी' या युद्धनौकेवर बारा रुग्णांच्या सहा जोड्या पाडून प्रत्येक जोडीस वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत आधी बरी झाली. १७५३ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समान स्थितीतील रुग्णांची तुलना करून उपचाराची परीक्षा घेण्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. पुढे याच द्रव्याच्या बाबतीत तुलनेच्या या तत्त्वाचा विसर पडावा, हा इतिहासातील एक विचित्र योगायोग म्हटला पाहिजे.

लिंडनंतर दीडशे वर्षे स्कर्व्हीचा प्रयोगशाळेत अभ्यास होऊ शकला नाही. कारण तो ज्यास होईल असा प्राणी हाती नव्हता. १९०७ साली नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट व थेओडोर फ्रोलिख यांनी गिनीपिगांना केवळ धान्याचा आहार दिला. त्यांचा मूळ हेतू जहाजांवरील बेरीबेरीचा शोध घेण्याचा होता. परंतु गिनीपिगांस बेरीबेरी न होता स्कर्व्ही झाला. त्यांनी उंदीर किंवा कुत्रा निवडला असता तर हा शोध लागला नसता.

जीवनसत्त्वांच्या इतिहासात कुत्र्याचे स्थान अन्यथा मोठे आहे. एडवर्ड मेलनबी याने १९१९ साली मुडदूस रोगावरील आपले प्रयोग कुत्र्याच्या पिलांवरच केले, आणि त्यातून 'ड' जीवनसत्त्वाकडे जाणारा मार्ग खुला झाला. मानवातील पेलाग्रा रोगाशी समांतर असा 'काळी जीभ' नावाचा रोग कुत्र्यांत आढळतो. तो निकोटिनिक आम्लाने बरा होतो असे कॉनराड एल्व्हेजेम याने १९३७ साली दाखविले. म्हणजे ज्या दोन जीवनसत्त्वांचे ज्ञान कुत्र्यामुळे झाले त्यांत 'क' नाही. त्याच्या इतिहासात कुत्रा अनुपस्थित आहे, आणि ही अनुपस्थितीच अर्थपूर्ण आहे.

३

आता नामकरणाकडे वळू. कासिमिर फंक याने १९१२ साली 'व्हिटा' म्हणजे जीवन या लॅटिन पदास 'अमाइन' हे रासायनिक पद जोडून नवा शब्द घडविला. ही सर्व द्रव्ये अमाइन वर्गातील नाहीत हे लवकरच उघडकीस आले. तेव्हा जॅक ड्रमंड याने १९२० साली शब्दाच्या अंतीचा 'ई' गाळण्याची व द्रव्यांस अनुक्रमाने अक्षरे देण्याची सूचना केली. अवयवार्थ असा लोपला, परंतु पूर्वपदातील 'जीवन' तेवढे शिल्लक राहिले. या शब्दाच्या पुढील सामर्थ्याचे रहस्य त्या पूर्वपदातच आहे.

भारतीय भाषांनी ही संकल्पना वेगवेगळ्या रीतींनी पचविली. बंगालीत 'खाद्यप्राण', गुजरातीत 'प्रजीवक', तर मराठीत 'जीवनसत्त्व' हा शब्द रूढ झाला. अक्षरांचा अनुक्रमही भूमितीतील 'अ, ब, क, ड' या परिचित मांडणीनुसार लावला गेला. मराठी शब्दातील 'सत्त्व' हे उत्तरपद विशेष लक्षणीय आहे. गुळवेलीचे सत्त्व, अन्नातील सत्त्व, निःसत्त्व अन्न अशा प्रयोगांतून या पदाभोवती सार, बल व शुद्धता यांचे एक वलय आधीच निर्माण झालेले होते. सत्त्व अधिक झाल्याने अपाय होईल ही कल्पना मराठी भाषकाच्या मनास सहजासहजी शिवत नाही. 'आम्ल' म्हटले की मात्रेचा विचार मनात येतो. 'सत्त्व' म्हटले की येत नाही.

प्रत्यक्ष द्रव्याचे नामकरण याहून उद्बोधक आहे. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी याने केंब्रिज येथे हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत काम करीत असता अधिवृक्क ग्रंथींपासून एक शर्करासदृश द्रव्य वेगळे केले. ते नेमके काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे, १९२८ साली शोधनिबंध प्रसिद्ध करताना, अज्ञानवाचक लॅटिन अंशास शर्करावाचक 'ओज' हा प्रत्यय लावून त्याने 'इग्नोज' असे नाव सुचविले. संपादकांनी ते नाकारल्यावर त्याने 'गॉडनोज', म्हणजे जणू 'देव जाणे', हे नाव पुढे केले. तेही नाकारले गेले आणि 'हेक्झुरॉनिक आम्ल' हे गंभीर नाव मुद्रित झाले. हेच द्रव्य 'क' जीवनसत्त्व असल्याचे १९३२ साली सेंट-ज्यॉर्जी व स्वर्बेली यांनी, तसेच अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग याने दाखविले. त्यानंतर हावर्थ व सेंट-ज्यॉर्जी यांनी त्यास 'ॲस्कॉर्बिक' हे नाव दिले.

या नावातील आद्य 'अ' हा ग्रीक अभाववाचक उपसर्ग संस्कृतातील नञर्थक 'अ'चा सजातीय आहे. 'स्कॉर्ब्युटस' म्हणजे स्कर्व्ही. अर्थात 'ॲस्कॉर्बिक' म्हणजे स्कर्व्हीचा अभाव करणारे. 'देव जाणे' हे नाव थट्टेचे असले तरी त्यात प्रामाणिकपणा होता. 'ॲस्कॉर्बिक' या नावाने द्रव्याचे कार्य एका रोगाशी कायमचे बांधून टाकले. कुत्र्यास तो रोग होत नाही. म्हणून 'जीवनसत्त्व' व 'ॲस्कॉर्बिक' या दोन्ही संज्ञा त्याच्या बाबतीत अन्वर्थक ठरत नाहीत.

४

मनुष्य व गिनीपिग यांस हे द्रव्य का तयार करता येत नाही, याचा उलगडा १९५७ साली जे. जे. बर्न्स याने केला : निर्मितीच्या साखळीतील शेवटच्या टप्प्यास आवश्यक असलेले गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे एंझाइम त्यांच्यात नसते. १९७३ साली कलकत्ता विद्यापीठातील इंदुभूषण चटर्जी यांनी निरनिराळ्या प्राणिवर्गांची तुलना करून या सामर्थ्याचा उत्क्रांतिक्रम मांडला. उभयचर व सरीसृप यांच्यात हे कार्य मूत्रपिंडात चालते, सस्तन प्राण्यांत ते यकृताकडे जाते, आणि काही वंशशाखांत ते अजिबात लोपते. कुत्रा या मांडणीत निःसंदिग्धपणे निर्मिती करणाऱ्यांत मोडतो, जरी त्याच्या यकृताची निर्मितिक्षमता शेळी वा उंदीर यांच्या मानाने कमी असली तरी.

या शोधातून अर्विंग स्टोन या अमेरिकन रसायनज्ञाने एक साहसी अनुमान काढले. मनुष्यजातीत एंझाइमाचा अभाव आहे. यास्तव सारी मनुष्यजात एका आनुवंशिक रोगाने पीडित आहे, आणि त्यावरील उपाय म्हणजे इतर सस्तन प्राणी स्वतःसाठी निर्माण करतात तितके ॲस्कॉर्बिक आम्ल दररोज घेणे, असे त्याने १९६६ पासून प्रतिपादिले. त्याच वर्षी त्याने लायनस पॉलिंग यास पत्र लिहिले. दोन नोबेल पारितोषिकांच्या या मानकऱ्याने ती कल्पना उचलून धरली, आणि १९७० साली सर्दीवरील त्याचे पुस्तक निघताच ती घरोघर पोहोचली.

स्टोनच्या युक्तिवादाचा कणा 'उणीव' हा होता. परंतु या कण्यास कुत्र्याने तडा जातो. उणीव हेच रोगांचे मूळ असेल, तर ज्यांच्यात उणीव नाही त्या प्राण्यांत ते रोग विरळ असावयास हवे. वास्तविक कुत्र्यांत लसिका-अर्बुदे, अस्थींचे कर्करोग, स्तनग्रंथींचे कर्करोग हे सर्व आढळतात; आणि मानवी कर्करोगाशी त्यांचे साम्य इतके आहे की तौलनिक अर्बुदविज्ञानात कुत्र्यास महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. स्वतःचे ॲस्कॉर्बिक आम्ल स्वतः करणारा प्राणीही कर्करोगाने मरतो, ही वस्तुस्थिती उणिवेच्या सिद्धान्तास पुरेसे उत्तर आहे.

सिद्धान्त मागे घेण्याऐवजी येथे संज्ञेचा अर्थ वाढविण्यात आला. कॅलिफोर्नियातील पशुवैद्य वेंडेल बेलफील्ड याने १९६७ साली कुत्र्यांतील डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगावर शिरेवाटे ॲस्कॉर्बिक आम्ल दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. १९७६ साली त्याने कुत्र्यांच्या खुब्याच्या विकारासंबंधी लिहिताना 'दीर्घकालीन अव्यक्त स्कर्व्ही' अशी संकल्पना मांडली : कुत्रा हे द्रव्य निर्माण करतो खरा, पण आजच्या जीवनातील ताणांस पुरेल इतके नाही. अशा रीतीने ज्या प्राण्यास स्कर्व्ही होत नाही त्यास न दिसणारा स्कर्व्ही जडविण्यात आला. एकदा उणीव अदृश्य झाली की ती नाकारता येत नाही, आणि तिच्या पूर्तीची मर्यादाही ठरविता येत नाही.

५

कर्करोगाचा धागा मात्र स्कॉटलंडमधून आला. शस्त्रवैद्य युअन कॅमरन याने १९६६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, पेशींमधील आधारद्रव्य विरघळविणाऱ्या एंझाइमामुळे अर्बुद पसरते. ते रोखल्यास रोग रोखता येईल. या कार्यास ॲस्कॉर्बिक आम्ल उपयोगी पडेल असे वाटून तो पॉलिंगच्या संपर्कात आला. १९७६ साली दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात असाध्य ठरलेल्या १०० रुग्णांस हे द्रव्य, साधारणपणे दररोज १० ग्रॅम, दिले होते. आणि रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतून निवडलेल्या १००० रुग्णांशी त्यांची तुलना केली होती. उपचार मिळालेले रुग्ण सरासरी २१० दिवसांहून अधिक, तर इतर ५० दिवस जगले, असा निष्कर्ष होता.

आकडे डोळे दिपविणारे होते. परंतु तुलनेची रीत दुबळी होती. कागदोपत्री निवडलेला रुग्ण 'असाध्य' ठरला तो दिवस आणि उपचारार्थ निवडलेला रुग्ण 'असाध्य' ठरला तो दिवस हे एकाच निकषाने ठरलेले असतीलच असे नाही. ज्यास थोडे लवकर असाध्य म्हटले तो आपोआपच अधिक दिवस जगलेला दिसतो. लिंडच्या बारा खलाशांत जी समानता होती ती येथे नव्हती.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये या दाव्याची दोनदा परीक्षा झाली. १९७९ च्या पहिल्या चाचणीत १२३ रुग्ण होते. त्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने पाडले होते व एका गटास निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. लाभ दिसला नाही. या रुग्णांपैकी बहुतेकांस पूर्वी रासायनिक उपचार झाले होते, असा आक्षेप पॉलिंगने घेतला. म्हणून १९८५ साली असे उपचार न झालेले, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे १०० रुग्ण घेण्यात आले. तरीही लाभ दिसला नाही. रोग वाढताच द्रव्य बंद केले गेले, असा नवा आक्षेप पॉलिंगने घेतला. पण वैद्यकाच्या दृष्टीने प्रकरण मिटल्यासारखे झाले.

या वादात एक तपशील उभयपक्षी दुर्लक्षित राहिला. कॅमरन आरंभीचे काही दिवस द्रव्य शिरेवाटे देत असे. मेयोमध्ये ते केवळ तोंडावाटे दिले गेले. 'जीवनसत्त्व' म्हटले की ते गिळावयाचे, हा संस्कार इतका दृढ होता की मार्गातील हा भेद महत्त्वाचा असेल असे कोणास वाटले नाही. येथे संज्ञेने समर्थकांस भुलविले तसे परीक्षकांसही भुलविले.

६

या भेदाचे महत्त्व २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्क लेव्हिन व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. तोंडावाटे कितीही मोठी मात्रा घेतली तरी आतड्यातील शोषण व मूत्रपिंडातील उत्सर्जन यांमुळे रक्तातील प्रमाण सुमारे २२० मायक्रोमोल प्रतिलिटर या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. शिरेवाटे ५० ग्रॅम दिल्यास ते १३,००० च्या वर जाते, असे त्यांच्या गणितातून निघाले. २००५ साली याच गटाने दाखविले की अशा उच्च प्रमाणात हे द्रव्य पेशींबाहेरील द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते आणि त्यामुळे काही प्रकारच्या कर्कपेशी मरतात. २००८ साली उंदरांतील अर्बुदांची वाढ त्यामुळे मंदावल्याचे आढळले.

या प्रयोगांचा तात्त्विक अर्थ दूरगामी आहे. अल्प प्रमाणात जे ऑक्सिडीभवन रोखते, तेच प्रचंड प्रमाणात ऑक्सिडीभवन घडविते. शिवाय उंदीर हे द्रव्य स्वतः निर्माण करतो. तेव्हा त्याच्यातील परिणाम कोणतीही उणीव भरून निघाल्यामुळे घडला असे म्हणता येत नाही. येथे 'क' जीवनसत्त्व जीवनसत्त्व राहिलेले नाही. ते एक औषध झाले आहे, आणि औषधाप्रमाणेच त्याची मात्रा, मार्ग व अपाय यांचा हिशेब द्यावयास ते बांधलेले आहे.

हा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ४४२ रुग्णांवरील एका चीनमधील चाचणीत, नेहमीच्या उपचारास शिरेवाटे 'क' जीवनसत्त्वाची जोड देऊनही रोगाची प्रगती लक्षणीय रीतीने लांबली नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. उलट स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांवरील आयोवा येथील चाचणीत मध्यम आयुर्मर्यादा ८.३ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. दुसरा निष्कर्ष आशादायक आहे, पण ३४ ही संख्या लहान आहे. दोन्ही ठिकाणी द्रव्य प्रचलित उपचाराच्या जोडीने दिले होते, त्याच्या जागी नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

७

कुत्र्याच्या बाबतीत पुरावा याहून पुष्कळ तोकडा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आयोवातील एका अभ्यासात कुत्र्याच्या कर्कपेशींवर प्रयोगशाळेत, व निरोगी कुत्र्यांस शिरेवाटे द्रव्य देऊन, त्याचा परिणाम व रक्तातील प्रमाण तपासले गेले. मात्रा व सुरक्षितता ठरविण्याचा हा योग्य आरंभ होय; पण तो आरंभच आहे. निरोगी कुत्र्यास औषध सोसले, यावरून रोगी कुत्रा बरा होतो असे सिद्ध होत नाही.

रुग्णवृत्तान्तांवर विसंबता येत नाही याचे एक विशेष कारण येथे आहे. कुत्रा आपली वेदना सांगत नाही. त्याच्या वतीने त्याचा पालक सांगतो. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांवरील एका अभ्यासात, निष्क्रिय औषध दिलेली कुत्री सुधारली असे पालकांस व पशुवैद्यांसही पुष्कळदा वाटले, मात्र पावलांचा भार मोजणाऱ्या यंत्रास ती सुधारलेली दिसली नाहीत. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पालक खोटे बोलत नव्हते. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्या डोळ्यांत उभारी शोधणे हा ममतेचा धर्म आहे. म्हणूनच ममतेच्या साक्षीवर औषधाचा निर्णय सोपविता येत नाही.

शिवाय अपायाचा प्रश्न आहे. मोठ्या मात्रेतील या द्रव्याचे शरीरात ऑक्झॅलेटमध्ये रूपांतर होते, आणि ऑक्झॅलेटचे खडे होण्याकडे कल असलेल्या मूत्रमार्गास ते धोक्याचे ठरू शकते. ज्या मनुष्यांत जी-६-पीडी या एंझाइमाची उणीव असते त्यांच्यात शिरेवाटे दिलेल्या मोठ्या मात्रेने रक्तपेशी फुटतात. याहून मोठा अपाय म्हणजे कालहरण. ज्या अर्बुदावर प्रभावी उपचार उपलब्ध आहे, त्यावर तो न करता केवळ 'सत्त्व' देत राहणे हा निरुपद्रवी पर्याय नव्हे.

याचे उदाहरण भारतातील रस्त्यांवरच मिळते. कुत्र्यांत समागमातून संक्रमित होणारे एक अर्बुद आपल्याकडे सर्रास आढळते. मस्तिस्लाव्ह नोव्हिन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत एका कुत्र्याचे अर्बुद दुसऱ्यात रुजवून दाखविले, आणि प्रायोगिक अर्बुदविज्ञानाचा पाया घातला, तो याच रोगाच्या साहाय्याने. आज हे अर्बुद आठवड्यास एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिन या औषधाच्या काही मात्रा दिल्यास बहुधा नाहीसे होते. व्हिनक्रिस्टिन मिळते ते अंगणाअंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीपासून. तिची लौकिक कीर्ती मधुमेहावरील औषध म्हणून होती. ती पारखून पाहताना कॅनडातील संशोधकांस रक्तातील साखर उतरलेली दिसली नाही, पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या; त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन व पुढे व्हिनक्रिस्टिन हाती आले. सदाफुलीची कीर्ती खोटी ठरली आणि गुण खरा ठरला, कारण येथे नावाचा मुलाहिजा न राखता परिणाम मोजला गेला.

८

या इतिहासातून 'क' जीवनसत्त्व कर्करोगावर निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. ते कोणत्या अर्बुदावर, कोणत्या मात्रेत, कोणत्या औषधाच्या जोडीने उपयोगी पडेल, हा प्रश्न खुला आहे, आणि कुत्र्यांवरील सुनियोजित चाचण्यांनी त्याच्या उत्तरास हातभार लागू शकेल. निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. 'जीवनसत्त्व' ही संज्ञा मूलतः एका नात्याची वाचक आहे. द्रव्य आणि विशिष्ट शरीर यांमधील गरजेच्या नात्याची. व्यवहारात ती द्रव्यवाचक झाली, नंतर गुणवाचक झाली, आणि शेवटी वचनवाचक झाली. ज्याच्या शरीराशी हे नाते कधी नव्हतेच, त्या कुत्र्यापर्यंत जेव्हा ती पोहोचली, तेव्हा या अर्थविस्ताराचे सर्व टप्पे एकदम उघडे पडले.

आजारी कुत्र्याच्या उशाशी बसलेल्या पालकाने पशुवैद्यास विचारावयाचा प्रश्न त्यामुळे बदलतो. 'यात सत्त्व आहे का?' हा तो प्रश्न नव्हे. 'हे औषध किती कुत्र्यांस, कोणाशी तुलना करून दिले गेले, आणि काय आढळले?' हा तो प्रश्न होय. १७४७ साली बारा खलाशांपुढे उभ्या असलेल्या लिंडने तोच विचारला होता.